क्लेमच्या फायली आणि देवाचं पाचारण

‘आदरणीय मावशी, सप्रेम सलाम.

मी 28 वर्षांची आहे. मूळची नगर जिल्ह्यातली, नोकरीला पुण्यात. आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं माझं काम. दिवसभर फायली बघायच्या, कागद पुरे आहेत का ते पाहायचं आणि मंजूर की नामंजूर अशी शिफारस करायची. पप्पा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आजारपणात आमचाही क्लेम नाकारला गेला होता, तेव्हा आईने बांगड्या मोडून बिल भरलं. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगची फी माझ्या पगारातून जाते.

माझी आजी मिशनमध्ये बायबल वुमन, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणारी सेविका होती, गावोगाव पायी जायची. आजोबा मिशन शाळेत मास्तर. त्यांच्या जगण्याला अर्थ होता. माझ्या जगण्याला कसलाच नाही असं वाटतं. रविवारी रात्री रडू येतं. मे महिन्यात तरुणांच्या शिबिरात वक्त्यांनी बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं वचन घेऊन सांगितलं, की देवाने प्रत्येकासाठी मोठी योजना आखली आहे, सगळं सोडून निघा. पुष्कळ जण रडत पुढे गेले, मीही गेले. तेव्हापासून वाटतंय, नोकरी सोडावी, बायबल कॉलेजला जावं, पूर्णवेळ सेवा करावी. आई म्हणते, आधी लग्न कर. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, हल्ली तुमच्या लोकांनी काही सेवा केली की धर्मांतर म्हणतात, कशाला भानगडीत पडतेस. देवाने मला कशासाठी घडवलं, हे मला कसं कळेल?

– एक बहीण, पुणे’

प्रिय मुली, सलाम.

सगळ्यात घाईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. राजीनामा आत्ता देऊ नकोस. भावाची फी तुझ्या पगारावर चालते, आईला तुझाच आधार आहे. घरच्या माणसांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात किती कडक शब्द आहेत ते तुला माहीत असेल. शिबिरात तू पुढे गेलीस तेव्हा तुझे अश्रू खरे होते, याबद्दल मला शंका नाही. पण पुढची वीस-तीस वर्षं काय करायचं, हे एका संध्याकाळी मंडपात ठरवायला लावणं मला पटत नाही. वक्ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातात. घरी परतलेल्या पोरीने आईला काय सांगायचं, हे तिचं तिलाच बघावं लागतं.

त्यांनी घेतलेलं वचन मलाही प्रिय आहे. आपल्याकडे ते नाताळच्या कार्डांवर असतं, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॅलेंडरवर असतं. मात्र एकदा यिर्मयाचा 29वा अध्याय पहिल्या ओळीपासून वाच. ते एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलास धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्या लोकांनी ते गाव निवडलं नव्हतं, की तिथलं कामही निवडलं नव्हतं. दोन वर्षांत सगळं पालटेल, असं हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता आणि लोकांना ते आवडतही होतं. यिर्मयाने सांगितलं, सत्तर वर्षं लागतील. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. देवाच्या संकल्पांचं ते 11वं वचन या सगळ्यानंतर येतं. ‘सगळं सोडून निघा’ असं त्या अध्यायात कुठेही नाही. आहात तिथे मुळं धरा, असं आहे.

सगळं सोडून निघणारेही पवित्र शास्त्रात आहेत. येशूच्या मागे जाण्यासाठी पेत्राने जाळी सोडली, मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला. पण लूकच्या शुभवर्तमानाचा 3रा अध्याय काढ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक तुझाच प्रश्न घेऊन येतात, की आता आम्ही काय करावं? त्यांत जकातदार आहेत. त्या काळी जकातदार म्हणजे लोकांच्या शिव्याशापांचा धनी. योहान त्यांना नाका सोडा म्हणत नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच म्हणतो. शिपायांना म्हणतो, कुणाला धाक दाखवून पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना. जो माणूस वाळवंटात टोळ आणि रानमध खाऊन राहिला, तो समोरच्याला त्याच्याच टेबलाशी परत पाठवतो. मला हे फार मोठं वाटतं.

आता तुझ्या टेबलाकडे ये.

मी वर्षानुवर्षं मिशन दवाखान्यांत नर्स म्हणून काम केलं आहे, त्यामुळे तुझ्याकडे येणारी फाईल वॉर्डात कशी तयार होते ते मला ठाऊक आहे. मध्यरात्री घाबरलेला पेशंट येतो. नवखा डॉक्टर विचारतो, शुगर कधीपासून? मुलगा म्हणतो, असेल चार-पाच वर्षं. केस पेपरवर ‘पाच वर्षं’ उमटतं. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. महिन्याभराने तुझ्यासारखी कुणी ती ओळ वाचते आणि शेरा पडतो, आधीचा आजार लपवला. कुठे आधार कार्डावर नाव एक आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरं. कुठे डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरची सहीच नाही. यातले काही लोक खरोखर लबाडी करतात, आणि त्यांचे क्लेम नाकारणं हेही प्रामाणिक काम आहे, कारण तो पैसा इतरांच्या हप्त्यातला असतो. पण बाकीचे? कमी पडलेला एक कागद मागवून घेतला असता तर ज्यांचं काम झालं असतं, ते? फाईल बंद करायची की ‘कागद मागवा’ लिहायचं, हे दिवसातून कितीतरी वेळा तुझ्या हातात असतं. नाकारायचीच असेल तर कारण संदिग्ध इंग्रजीत ठोकायचं की पुढे काय करता येईल ते माणसाला कळेल असं लिहायचं, हेही बऱ्याच अंशी तुझ्याच हातात. योहानापुढे उभ्या राहिलेल्या जकातदाराच्या हातात याहून फार जास्त काही नव्हतं.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. पप्पांचा क्लेम नाकारला गेला, आईने बांगड्या मोडल्या. तू ते भावाच्या फीच्या आधी, जाता जाता लिहून टाकलंस. आजीबद्दल लिहिलंस, शिबिराबद्दल लिहिलंस, पण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत दडलेलं आहे.

पंडिता रमाबाई तुला माहीत आहेत. घराघरांत त्यांचा फोटो असतो, पण एक गोष्ट आपण पटकन वाचून पुढे जातो. 1874 च्या सुमारास, म्हणजे सोळा वर्षांच्या असताना, रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही गमावले. त्यानंतर भाऊ गेला. नवरा दीड-दोन वर्षांच्या संसारानंतर गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवांच्या शिक्षणाचं त्यांचं काम नीट चाललं होतं. मग 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने मरणारी माणसं त्यांनी लहानपणी पाहिली होती, त्यातून त्या स्वतः वाचल्या होत्या. त्या तिकडे गेल्या, उपाशी मुलींना आणि बायकांना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे बायका तिथे शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल याच केडगावचं. देवाने त्यांना आकाशातून नकाशा दाखवला नव्हता. जिथे त्या स्वतः होरपळल्या होत्या, त्याच ठिकाणी दुसरं कुणी होरपळताना दिसलं आणि त्यांना घरात बसवेना.

तुझ्या आईच्या बांगड्या गेल्या त्या वेळी तुमच्या घरात क्लेम नाकारल्याचं ते पत्र नीट वाचू शकणारं कुणी नव्हतं. आज तशी पत्रं तू स्वतः तयार करतेस. ती कशी वाचायची आणि त्यांना उत्तर कसं द्यायचं, हे पुण्यात फार थोड्यांना येतं. तुझ्या मंडळीत रविवारी जी माणसं बाकांवर बसतात त्यांत ड्रायव्हर आहेत, वॉचमन आहेत, शाळेत शिपाई आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या चाळीत, सोसायटीत सगळ्या जातिधर्मांची माणसं आहेत. देव जळत्या झुडपातून मोशेशी बोलला तेव्हा त्याने विचारलं, तुझ्या हातात ते काय आहे? मोशेकडे मेंढरं राखायची काठी होती. तुझ्याकडे हे आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पाळकसाहेबांना भेट आणि शनिवारी संध्याकाळी दोन तास मंडळीच्या सभागृहात एक टेबल माग. बाहेर पाटी लाव, दवाखान्याच्या आणि विम्याच्या कागदांसाठी विनामूल्य मदत, सर्वांसाठी. चर्चच्या आवारात यायला इतर लोक बिचकत असतील तर जवळचं वाचनालय किंवा सोसायटीचं ऑफिस बघ.

तिथे करायचं काय, ते तुला माझ्याहून चांगलं कळतं. तरी आठवण करून देते. कंपनीने नाकारलं म्हणजे विषय संपला, असंच लोकांना वाटतं. त्यांना सांग की आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी अर्ज करायचा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जायचं. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही आणि लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे. मात्र कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कितीतरी लोकांचं ते वर्ष नुसतं हळहळण्यात निघून जातं. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर आजार लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल सांग. पिवळं-केशरीच नव्हे, पांढरं रेशन कार्ड असलेलं कुटुंबही आता त्यात बसतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात मदतीला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो. भरती होण्याआधी त्याला गाठायचं असतं. बिल हातात आल्यावर धावपळ करणारी कुटुंबं मी डोळ्यांनी बघितली आहेत, आणि त्या वेळी फार काही करता येत नाही.

एक पथ्य कडकपणे पाळ. तुझ्या स्वतःच्या कंपनीची फाईल त्या टेबलावर घेऊ नकोस, आतली माहिती बाहेर देऊ नकोस आणि नेमणूकपत्रातल्या अटी आधी वाचून घे. त्यात बाहेरच्या कामाला बंदी असेल तर वरिष्ठांना विचारून लेखी परवानगी घे. चांगलं काम आडवाटेने करायची गरज नाही.

आणि हे सगळं एकटीने करू नकोस. याबाबतीत तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1962 च्या सुमारास ते वडाळा मिशनच्या दवाखान्यात रुजू झाले. दिवसरात्र काम करत, ऑपरेशनं करत. पण त्यांच्या लक्षात आलं की माणसं बरी होऊन घरी जातात आणि तेच आजार घेऊन परत येतात. घाण पाणी, उपासमार, टाळता येण्याजोगी बाळंतपणातली दुखणी. म्हणजे दवाखान्यात बसून हे संपणार नाही. ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला गेले. शिकलेल्या नर्सेसना खेड्यांत ठेवून बघितलं, ते जमेना. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, लहान मुलांची वजनं, जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी, सगळं शिकवलं. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिला गाव रात्री-अपरात्री बोलवायला येऊ लागलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

पुरस्कारासाठी हे सांगत नाही. वडाळ्याच्या दवाखान्यात रोजचं काम करता करता त्यांना दिसलं, म्हणून जामखेड झालं, हे तू लक्षात घ्यावंस. तुझ्याही टेबलावरून तीच तीच चूक असलेली फाईल पुन्हा पुन्हा जाते. ती चूक दवाखान्याच्या दारातच कशी टळेल, हे तुला सुचू शकतं. आणि त्यांनी जसं आपलं ज्ञान गावातल्या बायकांच्या हाती दिलं, तसं तूही तरुण संघातल्या दोघी-तिघींना शेजारी बसवून शिकव. महिला मंडळातली एखादी काकूही घे. इंग्रजी येत नसलं तरी कागद क्रमाने लावणं, झेरॉक्सचा संच करणं, तारखा वहीत लिहून ठेवणं यात काकूंचा हात कुणी धरणार नाही.

मैत्रिणीची भीती मी झटकून टाकत नाही. दिवस तसे आहेत, आणि आपल्या माणसांना काही ठिकाणी त्रासही झाला आहे. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याविषयी बोलण्याचा हक्क घटनेच्या 25व्या कलमाने दिला आहे, तो कुणाच्या मेहरबानीचा नाही. तरीही त्या टेबलापुरतं माझं मत ठाम आहे. समोरचा माणूस अडलेला असतो, त्याची फाईल तुझ्या हातात असते. अशा वेळी त्याच्यापुढे पुस्तिका सरकवायची नाही, प्रार्थनेची अट घालायची नाही, उपासनेला या म्हणायचं नाही. लोक काय म्हणतील या भीतीने हे सांगत नाही. येशू असाच वागला, म्हणून सांगते. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. काम झाल्यावर कुणी आपणहून विचारलं, की ताई, हे तुम्ही का करता, तर मात्र लाजू नकोस. पप्पांचं सांग, आणि तुझ्या प्रभूचंही मोकळेपणाने सांग.

बायबल कॉलेजचा विचार मनातून काढून टाक, असं मी म्हणणार नाही. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. एखाद्या दिवशी जाऊन तिथल्या मुलींशी बोल. तुमच्या पाळकीणबाईंना विचारून त्यांच्याबरोबर एक आख्खा आठवडा फिर. आजाऱ्यांच्या भेटी, मयती, मालमत्तेचे वाद, नवरा-बायकोची भांडणं, महिनाअखेरीची ओढाताण हे सगळं बघ. ते बघूनही मन तिकडेच ओढत असेल आणि मंडळीतली चार जाणती माणसंही न विचारता म्हणत असतील, की हिला शिकवण्याचं दान आहे, तर ते पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असू शकतं. भावाचं शिक्षण संपल्यावर जा, मी आनंदाने शिफारसपत्र देईन. फक्त ऑफिसचा कंटाळा आला म्हणून जाऊ नकोस. प्रेषित पौलसुद्धा करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू शिवत होता, त्याने सेवा कमी झाली नाही.

आजीचं आयुष्य तुला अर्थपूर्ण दिसतं, कारण तू ते नातीच्या जागेवरून बघतेस. तिला ते तसं रोज वाटत असेल का? उन्हातली पायपीट, कुणी दार उघडलं तर उघडलं, नाहीतर पुढचं घर. बायबलमधली यापो गावची टबीथा वारली तेव्हा विधवा बायका पेत्रापुढे रडत तिने शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. तिने एकही प्रवचन केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शिवत असताना तिला त्या कपड्यांबद्दल काय वाटत होतं, हेही लिहिलेलं नाही.

रविवारी रात्रीच्या रडण्याबद्दल एक वेगळी गोष्ट. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नकोस आणि डॉक्टरकडे जा. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पप्पांना जाऊन चार वर्षं झाली म्हणतेस, पण फी, भाडं आणि घर सांभाळताना तुला त्यांच्यासाठी रडायला वेळ तरी मिळाला का?

राहिला लग्नाचा प्रश्न. आई काळजीपोटी म्हणते, तिच्याशी भांडू नकोस. स्थळं येऊ देत. मात्र पहिल्याच भेटीत मुलाला त्या शनिवारच्या टेबलाबद्दल सांग आणि त्याचा चेहरा बघ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1960 मध्ये लग्न केलं तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. म्हणून वडाळा आणि जामखेड दोघांचं झालं, एकाचा हट्ट आणि दुसऱ्याची फरपट असं झालं नाही. तुला ‘लग्नानंतर हे बंद करशील ना?’ विचारणारा मुलगा भेटला, तर आईला स्पष्ट नाही म्हणून सांग. ‘शनिवारी किती वाजता असतं?’ असं विचारणारा भेटला, तर मला नक्की कळव.

तुझी,
मावशी